मोत्याच्या मेंदूतली बेचाळीस अक्षरं : कुत्रा, माणूस, उंदीर यांची प्रथिनं घरबसल्या कशी ताडून बघायची

अमळनेरजवळच्या आमच्या गावी मोत्या नावाचा कुत्रा होता. चौदाव्या वर्षी तो खळ्यातल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून तासन्‌तास उभा राहायला लागला. दार उघडं असलं तरी बिजागरीच्या बाजूने बाहेर पडायला बघायचा. रात्रभर येरझाऱ्या, दिवसा झोप. आजी म्हणायची, "हाऊ आते माले बी वयखत नही", म्हणजे हा आता मलाही ओळखत नाही. पशुवैद्यांनी सांगितलं की म्हातारपणी कुत्र्यांनाही माणसासारखा स्मृतिभ्रंश होतो, मेंदूत तसेच डागही सापडतात. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. 'तसेच' म्हणजे नेमके किती तसेच, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

उत्तर शोधायला प्रयोगशाळा लागली नाही. जुना लॅपटॉप, फोनचा हॉटस्पॉट आणि एक चौकटीची वही एवढ्यावर भागलं. मेच्या पंचेचाळीस अंशांत लॅपटॉप तापला की ओल्या गोणपाटावर ताट पालथं घालून त्यावर ठेवायचो, हाच काय तो जास्तीचा खटाटोप. त्याच वाटेने तुम्हालाही नेतो. बारावीचं जीवशास्त्र आठवत असेल तर पुरे.

आधी नऊ अक्षरं, हातानेच

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. आम्लं वीस, आणि प्रत्येकाला इंग्रजी वर्णमालेतलं एकेक अक्षर दिलेलं आहे. बी, जे, ओ, यू, एक्स, झेड ही सहा या विसांत नाहीत. म्हणजे दोन प्राण्यांचं प्रथिन ताडून बघणं हे दोन शब्दांचं स्पेलिंग ताडून बघण्यासारखंच आहे. हे डोक्यात पक्कं बसावं म्हणून संगणक उघडण्याआधी वही घ्या.

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होणारं ऑक्सिटोसिन अवघ्या नऊ अक्षरांचं आहे:

सी – वाय – आय – क्यू – एन – सी – पी – एल – जी

त्याचं भावंड व्हॅसोप्रेसिन, तेही नऊ अक्षरांचं:

सी – वाय – एफ – क्यू – एन – सी – पी – आर – जी

एका चौकटीत एक अक्षर, एकाखाली एक असं लिहा. तिसरं आणि आठवं एवढी दोनच अक्षरं वेगळी आहेत. पण कामं बघा: एक कळा आणतं आणि पान्हा सोडवतं, दुसरं लघवीतलं पाणी शरीरात धरून ठेवतं. नवांपैकी सात अक्षरं जुळली, म्हणजे ७८ टक्के साम्य, आणि काम पार निराळं.

ऑक्सिटोसिनची ही नऊ अक्षरं माणूस, कुत्रा, गाय, म्हैस या सगळ्यांत हुबेहूब तीच. प्रसूतिगृहात बाईला देतात तेच औषध गोठ्यात म्हशीचा पान्हा सोडवायला चोरून टोचतात आणि ते लागू पडतं, याचं कारण हेच. (या टोचण्याला कायद्याने बंदी आहे, हेही सांगून ठेवतो, आपल्याकडे ते कुठे कुठे चालतं ते मी वेगळं सांगायला नको.) अपवादही आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या मार्मोसेट माकडात आठव्या जागी एलऐवजी पी असतं. डुकराच्या व्हॅसोप्रेसिनमध्ये आठव्या जागी आरऐवजी के असतं.

हा धडा पुढे सारखा लागणार आहे: टक्का किती, यापेक्षा कुठलं अक्षर कुठल्या जागी बदललं ते बघायचं.

आता मोत्याचं प्रथिन : माळ कुठून आणायची

अल्झायमरच्या डागांत जो पदार्थ साचतो त्याला अॅमिलॉइड बीटा म्हणतात. तो स्वतंत्र तयार होत नाही. एपीपी नावाच्या ७७० अक्षरी मोठ्या प्रथिनातून तो कापला जातो. त्याचा जास्त चिकट प्रकार ४२ अक्षरांचा असतो.

प्रथिनांच्या माळा युनिप्रोट या संकेतस्थळावर फुकट मिळतात, नोंदणीही लागत नाही. शोधखिडकीत जीनचं नाव इंग्रजी लिपीत टाका आणि प्रगत शोधात जाऊन प्राण्याचा वर्गीकरण क्रमांक द्या. नावाने शोधलं तर पसारा येतो, क्रमांकाने नेमकं सापडतं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर हे क्रमांक आहेत: माणूस ९६०६, कुत्रा ९६१५, मांजर ९६८५, गाय ९९१३, म्हैस ८९४६२, शेळी ९९२५, मेंढी ९९४०, डुक्कर ९८२३, घोडा ९७९६, घरचा उंदीर १००९०, प्रयोगशाळेतला मोठा उंदीर म्हणजे रॅट १०११६. माणसाच्या एपीपीची नोंद पी०५०६७, उंदराची पी१२०२३. या दोन थेट क्रमांकानेही उघडतात.

कुत्र्याची नोंद शोधताना एकाच जीनखाली अनेक नोंदी येतील आणि पहिल्यांदा गोंधळ उडेल. सोनेरी खूण असलेली नोंद माणसाने तपासलेली असते. बाकीच्या संगणकाने जीनोमवरून आपोआप बनवलेल्या. माणूस आणि उंदीर यांच्या बऱ्याच नोंदी तपासलेल्या आहेत, कुत्रा-म्हशीच्या फार थोड्या. म्हणून तपासणी आपणच करायची. लांबी माणसाच्या नोंदीच्या जवळपास आहे का? माळ एम या अक्षराने सुरू होते का? मध्येच एक्सची रांग तर नाही? एक्स म्हणजे 'इथे काय आहे ते वाचता आलं नाही'. नोंदीवर 'फ्रॅगमेंट' लिहिलंय का? असेल तर तो तुकडा आहे, सोडून द्या. शेवटी 'प्रोटीन एक्झिस्टन्स' बघा. १ म्हणजे प्रथिन प्रत्यक्ष सापडलेलं, ३ म्हणजे नातलग प्राण्यावरून बांधलेला अंदाज, ४ म्हणजे नुसतं भाकीत.

इथेच मी सपशेल आपटलो होतो. पहिल्या प्रयत्नात कुत्र्याच्या माळेत सलग ७५ अक्षरांचा खड्डा दिसला. मी हरखलो. कुत्र्याच्या मेंदूत प्रथिनाचा एक भागच नसतो, असं वर्गात सांगूनही टाकलं. दोन दिवसांनी लक्षात आलं की मी माणसाची ७७० अक्षरांची माळ आणि कुत्र्याची ६९५ अक्षरांची माळ शेजारी ठेवली होती. एकाच जीनपासून पेशी वेगवेगळ्या लांबीची प्रथिनं बनवते, त्यांना आयसोफॉर्म म्हणतात. एपीपीत ५६ आणि १९ अक्षरांचे दोन तुकडे कधी असतात, कधी गळतात; दोन्ही गळले की ७५ कमी. चेतापेशींत तर हा ६९५चा प्रकारच मुख्य असतो, आणि तो माणसातही आहे! माणसाची लांब माळ माणसाच्याच आखूड माळेशी ताडली आणि रिकाम्या जागाही मोजल्या तर साम्य जेमतेम ९० टक्के येईल. वर्गात जाऊन चूक कबूल करावी लागली. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "सर, मंग मोत्याले पुरा मेंदू व्हता ना?"

म्हणून आयसोफॉर्म आधी जुळवा, मगच पुढे जा.

फाइल बनवणं आणि माळा जुळवणं

प्रत्येक नोंदीतून 'फास्टा' स्वरूपात माळ उतरवून घ्या. पहिल्या ओळीत 'पेक्षा मोठं' हे गणितातलं चिन्ह आणि नाव, खालच्या ओळींत अक्षरं, बस. सगळ्या प्राण्यांच्या माळा एकाखाली एक नोटपॅडमध्ये चिकटवा. वर्ड वापरू नका, ते स्वतःच्या मनाने अक्षरं आणि चिन्हं बदलतं. पहिल्या ओळीतलं लांबलचक नाव काढून साधं 'कुत्रा', 'माणूस' असं इंग्रजी अक्षरांत ठेवा, नाहीतर निकालात कोण कुठलं ते कळत नाही.

ही फाइल क्लस्टल ओमेगा या साधनाला द्यायची. युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर ते आहे, आणि युनिप्रोटमध्येच नोंदींवर टिक करून 'अलाइन' दाबलं तरी तेच चालतं. पाच-दहा माळांना मिनिटभरही लागत नाही. निकालात माळा एकाखाली एक येतात आणि तळाला खुणा असतात. तारा म्हणजे त्या रकान्यात सगळ्यांचं अक्षर एकच. अपूर्णविरामासारखी दोन टिंबं म्हणजे अक्षर बदललं, पण गुणधर्म बरेच सारखे. एक टिंब म्हणजे थोडंफार साम्य. काहीच नसेल तर बदल मोठा. आडवी रेघ म्हणजे तिथे अक्षरच नाही. मोबाइलवर ओळी तुटतात आणि रकाने विस्कटतात, तेव्हा ब्राउझर डेस्कटॉप दृश्यावर टाका किंवा फोन आडवा धरा.

बेचाळीस अक्षरं जवळून

माणसाच्या ७७० अक्षरांत अॅमिलॉइड बीटा ६७२ ते ७१३ या जागांवर आहे. तिथपर्यंत सरका. त्यातली पहिली सोळा अक्षरं अशी:

माणूस: डी ए ई एफ आर एच डी एस जी वाय ई व्ही एच एच क्यू के
कुत्रा: डी ए ई एफ आर एच डी एस जी वाय ई व्ही एच एच क्यू के
उंदीर: डी ए ई एफ जी एच डी एस जी एफ ई व्ही आर एच क्यू के

पुढची सव्वीस तिघांत सारखीच आहेत. म्हणजे कुत्र्याची बेचाळीसच्या बेचाळीस अक्षरं माणसाशी जुळतात. हे १९९१ सालीच कळलं होतं. तेव्हा कुत्रा, ध्रुवीय अस्वल, ससा, गाय, मेंढी, डुक्कर आणि गिनीपिग यांचा हा भाग वाचला गेला आणि सगळ्यांत तो माणसासारखाच निघाला. वेगळा पडला तो उंदीर, म्हणजे नेमका तोच प्राणी ज्याच्यावर कितीतरी औषधं तपासली जातात.

आता टक्के काढा. बेचाळीसपैकी ३९ जुळली तर ९२.९ टक्के. पण पूर्ण ७७० अक्षरं धरली तर उंदीर आणि माणूस यांचं साम्य सुमारे ९७ टक्क्यांवर जातं. छेद बदलला की टक्का बदलतो, म्हणून आकडा लिहिताना तो किती अक्षरांवर काढला तेही लिहायचं. आणि ९७ टक्के ऐकून 'उंदीर म्हणजे जवळपास माणूसच' असं वाटतं ना, तिथेच फसगत होते. उंदराच्या मेंदूत म्हातारपणी आपसूक असे डाग पडत नाहीत. संशोधकांना त्याच्यात माणसाचा जीन घालावा लागतो तेव्हा कुठे डाग दिसतात. मोत्याला मात्र कुणी काही घातलं नव्हतं.

तीन बदलांचं वजन सारखं नाही. त्यासाठी ब्लोसम-६२ नावाचा तक्ता वापरतात. कुठल्या अक्षराच्या जागी कुठलं आलं तर निसर्गाला कितपत चालतं, याचे गुण त्यात आहेत. दहाव्या जागी वायचं एफ झालं त्याला +३, म्हणजे सख्ख्या भावाच्या जागी चुलतभाऊ. तेराव्या जागी एचचं आर झालं त्याला ०. पाचव्या जागी आरचं जी झालं त्याला −२: विद्युतभार असलेलं मोठं अक्षर गेलं आणि सगळ्यांत लहान, भार नसलेलं आलं. पण तक्त्यावर डोळे मिटून विसंबू नका. तेराव्या जागेचे गुण शून्य असले तरी तिथलं एच, म्हणजे हिस्टिडिन, तांबं आणि जस्त पकडायला मदत करतं. ते गेल्याने उंदराचं अॅमिलॉइड धातूला नीट धरत नाही. सर्वसाधारण तक्त्याला हे कळणार कसं?

उलट बाजूही आहे. अक्षरं जुळली म्हणून आजारही जुळला असं होत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यात अॅमिलॉइडचे डाग सापडतात, पण माणसाच्या अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनाचे जे गुंते पेशीत होतात ते कुत्र्यात सहसा दिसत नाहीत. गाईचीही अक्षरं तीच आहेत. आयुष्य किती, कापणारी एन्झाइमं कशी, साचलेलं साफ कसं होतं, हे सगळं मध्ये येतं.

नंबरांचा घोळ

शोधनिबंधात 'सहाशे बहात्तरावं अक्षर' आणि 'पहिलं अक्षर' एकच असू शकतं. ७७०च्या माळेत जे ६७२वं ते ६९५च्या माळेत ५९७वं, आणि कापलेल्या तुकड्यात पहिलं. गावात गट नंबर, जुना सर्व्हे नंबर आणि घर नंबर वेगळे असतात, जागा तीच, तसलाच प्रकार.

प्रायॉन हे मेंदूतलं प्रथिन, त्याची घडी बिघडली की मेंदूचा आजार होतो. त्यातही हा नंबरांचा घोळ होतो. इंग्लंडमध्ये गाईंमध्ये 'मॅड काउ' या प्रायॉनच्या रोगाची साथ आली तेव्हा दूषित खाद्यातून मांजरांनाही तसा आजार झाला, कुत्र्यांत मात्र तो आढळला नाही. कुत्र्याच्या प्रायॉनमध्ये १६३व्या जागी डी किंवा ई असतं, बहुतेक सस्तन प्राण्यांत तिथे एन. पण माणसाच्या माळेत १६३ मोजून बघाल तर भलतंच सापडेल, कारण तीच जागा तिथे १५९वी आहे. म्हणून नंबर मोजू नका, जुळवलेला रकाना बघा.

चुलत्याला सख्खा समजू नका

ब्लास्ट या साधनात माणसाचं एपीपी टाकून कुत्र्यात शोध घेतला तर एपीएलपी-१ आणि एपीएलपी-२ हेही वर येतात. ती त्याच घराण्यातली प्रथिनं आहेत, पण त्यांत अॅमिलॉइड बीटाचा तुकडाच नाही. दोन प्राण्यांतला तोच जीन म्हणजे ऑर्थोलॉग, घराण्यातला दुसरा जीन म्हणजे पॅरालॉग. तपासायचं असेल तर उलटा शोध घ्या: कुत्र्याचं सापडलेलं प्रथिन माणसात शोधा. पहिल्या क्रमांकावर पुन्हा एपीपीच आलं तर बरोबर.

सरावाला आणखी दोन

अल्फा-सिन्युक्लिन घ्या, माणसाची नोंद पी३७८४०, फक्त १४० अक्षरं. पार्किन्सनशी त्याचा संबंध आहे. १९९७ मध्ये इटली आणि ग्रीसमधल्या काही कुटुंबांत कळलं की ५३व्या जागी एऐवजी टी आलं की आजार होतो. आता उंदराची माळ शेजारी ठेवा: त्याच्यात ५३व्या जागी मुळातच टी आहे आणि तो मजेत फिरतो. माणसात जो दोष, तो उंदराची नेहमीची चाल. मग कुत्रा, म्हैस आणि शेळी घालून तो रकाना स्वतः वाचा.

दुसरं फॉक्स-पी-२, ७१५ अक्षरं, नोंद ओ१५४०९. बोलण्याशी त्याचा संबंध आहे. चिंपांझी आणि माणूस यांच्यात दोनच अक्षरांचा फरक, ३०३ आणि ३२५ या जागांवर. २००२ मध्ये हे छापून आलं तेव्हा 'भाषेचा जीन' म्हणून गवगवा झाला. पण ३२५व्या जागचं माणसाचं एस मांसाहारी गणातल्या प्राण्यांतही स्वतंत्रपणे आलेलं आहे, कुत्र्यातही. मोत्या भुंकण्यापलीकडे गेला नाही.

या माळांवरून लगेच वंशवृक्ष काढायचा मोह होईल. एका प्रथिनावर तो काढू नका. वंशावळीने उंदीर माणसाला कुत्र्यापेक्षा जवळचा आहे, पण उंदराच्या घराण्यात बदल भराभर साचत गेले. त्यामुळे बऱ्याच प्रथिनांत कुत्राच माणसासारखा दिसतो.

आणखी एक. कुत्र्याचा २००५ साली प्रसिद्ध झालेला जीनोम ताशा नावाच्या एका बॉक्सर कुत्रीचा होता. एक नोंद म्हणजे साऱ्या जाती नव्हेत. डॉबरमनमध्ये जी अचानक झोप लागण्याची आनुवंशिक व्याधी आहे तिचं कारण १९९९ मध्ये सापडलं: हायपोक्रेटिनच्या ग्राहक प्रथिनाचा जीन बिघडलेला. ताशाची माळ कितीही वेळा वाचली तरी ते दिसणार नाही.

प्रत्यक्ष ऊतीकडे जायचं असेल तर

माळ सांगते की प्रथिन कसं आहे. मेंदूत ते किती आहे हे सांगत नाही. त्यासाठी वेस्टर्न ब्लॉट, एलायझा किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री लागते, आणि ते महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीनेच करायचं. रस्त्यावर मेलेल्या कुत्र्याचं डोकं उघडायचा 'प्रकल्प' एका विद्यार्थ्याने माझ्यापुढे उत्साहाने मांडला होता. मी त्याला खुर्चीवर बसवून रेबीज समजावला. तो विषाणू मेंदूतच असतो. असल्या प्रकाराला हातही लावू नका.

प्रयोगशाळेत गेलात तर आपला अक्षरांचा तक्ता सोबत न्या, पैसे वाचतात. माणसाच्या अॅमिलॉइडची सुरुवातीची अक्षरं ओळखणारी अँटिबॉडी कुत्र्यावर चालण्याची शक्यता चांगली, कारण अक्षरं तीच. पाचव्या जागचं आर तिच्या ओळखीत येत असेल तर उंदरावर ती फसेल. मास स्पेक्ट्रोमेट्रीत ट्रिप्सिन हे एन्झाइम के आणि आर यांच्यानंतर माळ कापतं. माणूस आणि कुत्रा यांच्यात पाचव्या जागी आर आहे, म्हणून १ ते ५ आणि ६ ते १६ असे तुकडे पडतात. उंदरात पाचव्या जागी आर नाही, तेराव्या जागी आहे. म्हणून १ ते १३ आणि १४ ते १६. माणसाचा ६ ते १६ हा तुकडा उंदराच्या नमुन्यात शोधत बसाल तर जन्मात सापडणार नाही, आणि अहवालात मात्र 'प्रथिन आढळले नाही' असं येईल. तिघांची बरोबरी करायची तर १७ ते २८ हा तुकडा धरा. तो तिघांतही तोच आहे.

वहीत प्रत्येक माळेपुढे नोंद क्रमांक, आयसोफॉर्म, लांबी आणि उतरवल्याची तारीख लिहून ठेवा. संगणकाने बनवलेल्या नोंदी नवा जीनोम आला की बदलतात किंवा काढून टाकल्या जातात. मोत्या गेल्यावर वर्षभराने मी फाइल पुन्हा उघडली, तर कुत्र्याची माझी एक नोंद युनिप्रोटवरून गायब झालेली. क्रमांक लिहिलेला होता म्हणून युनिपार्क या त्यांच्याच जुन्या साठ्यात ती माळ सापडली. बेचाळीस अक्षरं जागच्या जागी होती.